मनगटावरचे माप आणि शिक्क्याचा प्रश्न

बेळ्ळंदूरच्या बाजारात अर्धा किलो टोमॅटो तोलणाऱ्या तराजूवर सरकारी पडताळणीचा शिक्का असावा लागतो. तिथल्या रिक्षाच्या मीटरला सील असते. पेट्रोल पंपावर ग्राहकाने शंका घेतली तर पाच लिटरचे प्रमाणित माप पुढे करावे लागते. ज्या मापावरून पैशाची देवाणघेवाण होते, ते माप विक्रेत्याच्या शब्दावर सोडता येत नाही, हे तत्त्व भारतात वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ मध्ये आणि त्याआधीच्या कायद्यांतही मान्य झालेले आहे. त्याच बेळ्ळंदूरमध्ये, आउटर रिंग रोडला लागून असलेल्या टेक पार्कांत, असंख्य मनगटांवर रोज एक माप बांधलेले असते. त्याला मात्र ना शिक्का आहे, ना सील. ‘आजची पावले ९,६४०’ असे ते सांगते आणि सांगितलेले निमूटपणे मान्य होते.

जोवर हा आकडा त्या मनगटाच्या मालकापुरता होता, तोवर त्याच्या अचूकतेची फारशी चिंता करण्याचे कारण नव्हते. आता त्या आकड्यावर विम्याच्या हप्त्यात सवलत मिळते, कार्यालयांतील चालण्याच्या स्पर्धांची बक्षिसे ठरतात आणि आरोग्यविषयक संशोधनात तो आधारसामग्री म्हणून वापरला जातो. आकड्याची भूमिका बदलली, परंतु तो तपासण्याची व्यवस्था होती तिथेच राहिली. खरी तक्रार या विसंगतीबद्दल असायला हवी.

मुळात पट्टा पावले मोजत नाही. त्याचा आणि पायाचा थेट संबंधच नाही. त्याच्या आत सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म त्वरणमापक असतो. लवचिक आधारांवर तोललेले एक चिमुकले वस्तुमान. हात हलला की ते वस्तुमान किंचित सरकते, भोवतीच्या पट्टिकांमधील विद्युत धारिता बदलते आणि त्या बदलावरून तीन अक्षांवरील त्वरण काढले जाते. दर सेकंदाला अशा अनेक नोंदी होतात. मग गुरुत्वाकर्षणाचा स्थिर भाग वजा करायचा, फार मंद आणि फार जलद हालचाली गाळून टाकायच्या, आणि उरलेल्या तरंगात ठरावीक उंबरठा ओलांडणारी शिखरे मोजायची. शिखर म्हणजे पाऊल, हे यंत्राचे अनुमान आहे. हा उंबरठा कुठे ठेवला आहे, गाळणी किती बारीक आहे, सलग किती शिखरे आल्यावर मोजणी सुरू होते, हे प्रत्येक कंपनीचे गुपित असते; आणि सॉफ्टवेअरच्या एखाद्या अद्ययावतीकरणानंतर ते एका रात्रीत बदलूही शकते. तराजूवाल्याने रात्रीतून काटा बदलला, तर कायदा त्याला मोकळा सोडणार नाही.

मनगट ही जागा या कामासाठी मुळातच अवघड आहे. माणूस मध्यम गतीने चालतो तेव्हा मिनिटाला सुमारे १०० ते १२० पावले पडतात, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. हाताचा पुढे-मागे असा एक पूर्ण झोका मात्र दोन पावलांत होतो, म्हणजे सेकंदाला एक. कमरेवर लावलेल्या यंत्राला प्रत्येक पावलाचा धक्का बऱ्यापैकी स्वच्छ मिळतो. मनगटावरच्या यंत्राला त्या धक्क्याचा खांद्यातून, कोपरातून उतरत क्षीण झालेला अंश आणि हाताचा स्वतःचा झोका, असे दोन तरंग एकत्र मिळतात. त्यांतून पाऊल वेगळे काढणे हे वाटते तितके सोपे गणित नाही. ते बहुतेक वेळा बरे जमते, ही अभियांत्रिकीची कमाईच म्हणायची. पट्टे बनवणाऱ्यांना तेवढे श्रेय द्यायला हरकत नाही.

पण फसगत किती सहज होते, हे अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रातूनही दिसते. पाव मीटर दोरीला टांगलेल्या लंबकाचा आवर्तकाल सुमारे एक सेकंद असतो. त्या दोरीला गोळ्याऐवजी घड्याळ बांधून झुलवले, तर दोरीतील ताण प्रत्येक आवर्तनात दोनदा शिखर गाठतो, कारण घड्याळ तळाच्या बिंदूवरून दोनदा जाते. सेकंदाला दोन शिखरे: अगदी चालत्या माणसाची लय. झोका ४० अंशांचा असेल, तर त्वरणमापकाला जाणवणारे मूल्य तळाशी गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे दीडपट होते आणि टोकाला पाऊणपट. एवढा चढउतार उंबरठा ओलांडायला पुरेसा ठरू शकतो. टेबलाशी बसून एका हाताने दोरी झुलवत राहणारा माणूस यंत्राच्या लेखी फेरफटक्याला निघालेला असू शकतो.

प्रयोगशाळेतील आकडे काय सांगतात? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली. १४ निरोगी प्रौढ ट्रेडमिलवर ताशी ३ मैल वेगाने चालले आणि एका निरीक्षकाने त्यांची पावले डोळ्यांनी मोजली. कमरेवरील साधनांची चूक उणे ०.३ ते अधिक १ टक्का एवढीच निघाली. मनगटावरील पट्ट्यांत ती उणे १.५ टक्क्यांपासून उणे २२.७ टक्क्यांपर्यंत पसरलेली होती. ती साधने आता जुनी झाली हे खरे. २०१८ मध्ये फिटबिटच्या साधनांवरील ६७ अभ्यासांचा आढावा निघाला. त्यातही पावलांची संख्या खऱ्या आकड्याच्या ३ टक्क्यांच्या आत येण्याचे प्रमाण सुमारे निम्मेच होते. त्या आढाव्यातील सर्वांत बोलकी गोष्ट वेगळीच आहे: नियंत्रित चाचण्यांत ही साधने कमी मोजण्याकडे झुकत होती, आणि रोजच्या मोकळ्या जीवनात जास्त मोजण्याकडे. म्हणजे चुकीचा आकार तर बदलतोच, पण परिस्थितीनुसार तिची दिशाही उलटते.

इथे त्रुटीच्या दोन जातींमधला भेद ध्यानात घ्यावा लागतो. यादृच्छिक त्रुटी कधी वर, कधी खाली जाते. महिनाभराची सरासरी काढली की ती बरीचशी विरून जाते. पद्धतशीर त्रुटी मात्र एकाच बाजूला कललेली असते आणि महिनाच काय, वर्षभर मोजले तरी तशीच उरते. मनगटी पट्ट्यांच्या बचावार्थ नेहमी सांगितले जाते, की ‘रोजचा आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी सरासरी बरोबर येते’. हा युक्तिवाद पहिल्या जातीला लागू पडतो, दुसऱ्या जातीला नाही. मनगटावरची चूक बव्हंशी दुसऱ्या जातीची असते, कारण ती माणूस काय करतो त्यावर अवलंबून असते, आणि माणसे रोज साधारण तेच ते करतात.

बेळ्ळंदूरमधील एकाच इमारतीतले तीन दिवस कल्पून पाहावेत. एक अभियंता संध्याकाळी सोसायटीच्या आवारात हात मोकळे सोडून, झपझप, गोल फेऱ्या मारतो. ही चाल ट्रेडमिलच्या सर्वांत जवळची. पट्टा इथे उत्तम चालतो. त्याच घरात नातवंडाची बाबागाडी ढकलणाऱ्या आजीचे दोन्ही हात दांड्यावर स्थिर असतात, चालही संथ असते. हात स्थिर असला आणि गती मंद असली की मनगटी साधने पावले गाळतात, हे ढकलगाड्या आणि वॉकर वापरणाऱ्यांवरील चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. त्याच घरात कामाला येणाऱ्या बाईंच्या मनगटावर पट्टा बांधला तर? ओट्यापासून बेसिनपर्यंत तीन पावले, तिथून फ्रिजपर्यंत चार, मग थांबणे. अनेक साधने काही पावले सलग पडल्याशिवाय मोजणी सुरूच करत नाहीत, कारण हाताच्या सुट्या हालचाली पाऊल म्हणून धरल्या जाऊ नयेत, अशी त्यांची योजना असते. योजना वाजवी आहे. पण तिची किंमत जिचे चालणे तुकड्यातुकड्यांत होते, ती व्यक्ती चुकवते. दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या बादल्या असल्या, तर झोकाही नाही. उलट कणीक तिंबताना किंवा कपडे घासताना हात लयीत हलतो आणि न चाललेली पावले जमा होऊ शकतात. जमा आणि वजावट एकमेकांना फेडतील, याची कोणतीही हमी नाही.

यात रस्त्याची भर पडते. खडबडीत रस्त्यावर वाहनातून जाताना पावलांची संख्या वाढू शकते, हे फिटबिटच्या साहाय्य-पानांवरच मान्य केलेले आहे. सिल्क बोर्ड ते कृष्णराजपुरम या पट्ट्यात मेट्रोच्या कामाने उखडलेल्या रस्त्यांवरून दुचाकीच्या मुठी धरून जाणाऱ्या मनगटाला काय काय जाणवत असेल, याची कल्पना तिथल्या रहिवाशांना सविस्तर देण्याची गरज नाही.

आता ज्या आकड्याच्या नावाने हे सारे चालते, त्या दहा हजारांविषयी. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, जपानमधील यामासा कंपनीने ‘मान्पोकेई’ नावाचे कमरेला लावायचे यंत्र बाजारात आणले; नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचे मापक’. आकडा सुटसुटीत होता आणि तो जाहिरातीतून जगभर गेला. पुढे संशोधन झाले तेव्हा चित्र निराळे दिसले. आय-मिन ली आणि सहकाऱ्यांच्या २०१९ मधील अभ्यासात १६,७४१ वृद्ध अमेरिकी स्त्रियांपैकी दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांचा मृत्युदर २,७०० चालणाऱ्यांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी आढळला, आणि सुमारे ७,५०० नंतर फायद्याची वाढ थबकली. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये आलेल्या ५७ अभ्यासांच्या आढाव्यात २,००० पावलांच्या तुलनेत ७,००० पावलांशी ४७ टक्के कमी मृत्युदर निगडित दिसला. विशेष म्हणजे ली यांच्या अभ्यासातील यंत्र कमरेवर होते. कमरेवरच्या यंत्राने काढलेला निष्कर्ष मनगटावरच्या यंत्राला जसाच्या तसा लावणे म्हणजे एका गावाच्या पायलीने मोजलेले धान्य दुसऱ्या गावाच्या पायलीत तेवढेच भरेल असे धरणे होय.

याचा अर्थ पट्टा फेकून द्यावा असा नाही. फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’मध्ये ३९ आढाव्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा अशी साधने वापरणारे दिवसाला सुमारे १,८०० पावले अधिक चालतात असे दिसले. चालण्याची आठवण करून देणारा सोबती म्हणून पट्टा आपले काम चोख बजावतो. त्याच माणसाने, त्याच पट्ट्याने, त्याच दिनक्रमात गेल्या आठवड्याशी या आठवड्याची तुलना करावी. पद्धतशीर त्रुटी दोन्ही बाजूंना सारखीच असल्याने ती तुलना बरीच टिकते. अडचण येते ती दोन माणसांची तुलना करताना आणि एखादी रेषा आखून ‘इकडचे पात्र, तिकडचे अपात्र’ असे ठरवताना.

आणि नेमके तेच सुरू झाले आहे. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने सप्टेंबर २०२० मध्ये आरोग्य विम्यातील निरामयता आणि प्रतिबंधक सुविधांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. निकष पूर्ण करणाऱ्या विमाधारकाला गुण देऊन नूतनीकरणाच्या वेळी हप्त्यात सवलत देण्याची वाट त्यांनी खुली केली. हेतू स्तुत्य आहे. पण सवलतीचा निकष दिवसाला १०,००० पावले असा असेल आणि पट्टा १० टक्के कमी मोजत असेल, तर १०,५०० पावले चाललेल्या माणसाच्या खात्यात ९,४५० दिसतात आणि तो दिवस वाया जातो. दुसरा माणूस ९,३०० पावलेच चालतो, पण त्याचा पट्टा १० टक्के अधिक मोजतो. त्याला १०,२३० मिळतात आणि सवलतही. रेषेजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या बाबतीत यंत्राची चूक हीच निर्णायक ठरते. आणि आधीच्या परिच्छेदांवरून उघड आहे, की हात मोकळे सोडून फेऱ्या मारणाऱ्याला ही व्यवस्था अनुकूल आहे. संथ चालणाऱ्या वृद्धाला, ओझे वाहणाऱ्याला, घरात दिवसभर उभ्याने वावरणारीला प्रतिकूल. आरोग्याच्या दृष्टीने ज्यांना प्रोत्साहनाची अधिक गरज, त्यांच्याच मोजणीत खोट. ही केवळ तांत्रिक त्रुटी राहत नाही.

मनगटावरचे यंत्र वेतनाच्या वहीपर्यंत पोचू शकते, याचेही उदाहरण महाराष्ट्रात आहे. नागपूर महानगरपालिकेने आपल्या सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. हजेरी आणि कामाच्या वेळेतला ठावठिकाणा त्यांवरून पाहिला जाऊ लागला. ती घड्याळे पावलांसाठी नव्हती, पण मुद्दा तोच: यंत्राचे म्हणणे आणि माणसाचे म्हणणे वेगळे पडले, तर पुराव्याचे ओझे कोणावर? टेक पार्कातील कर्मचारी पट्टा नको म्हणू शकतो. झाडू हातात घेतलेल्या माणसाला ती मुभा नसते, आणि त्याच्याकडे यंत्राची तपासणी मागण्याचे साधनही नसते.

तिसरा धोका विज्ञानाच्या अंगणातलाच आहे. जून २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधील अहवालाने सांगितले, की २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते, स्त्रियांत हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांत ४२ टक्के. बातमी सर्वत्र झळकली, मात्र ही आकडेवारी प्रश्नावलींवर, म्हणजे लोकांनी स्वतः सांगितलेल्या माहितीवर आधारलेली आहे, हे फारसे कोणी लिहिले नाही. स्मरणावर आधारलेली उत्तरे सदोष असतात, म्हणून यंत्राची नोंद आणावी, ही ओढ स्वाभाविक आहे. २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये टिम आल्थॉफ आणि सहकाऱ्यांनी मोबाइलच्या नोंदींतून १११ देशांतील ७ लाखांहून अधिक लोकांची पावले मांडली, त्यांत भारताची सरासरी दिवसाला ४,२९७ होती. पण मोबाइल घरात फिरणाऱ्या बाईच्या हातात नसतो, तो टेबलावर चार्जिंगला असतो. आणि तो खिशात ठेवायचा म्हटले तर साडीला किंवा बहुतेक पंजाबी ड्रेसना खिसाही नसतो. मनगटी पट्टा ही उणीव भरून काढील असे म्हणताना, तो स्वयंपाकघरातली तुटक पावले गाळत असेल तर जुन्या पूर्वग्रहाच्या जागी नवा बसेल, एवढेच. भारतीय स्त्रिया हालचाल कमी करतात, की त्यांची हालचाल मोजणारी साधने कमी मोजतात, हा प्रश्न उत्तराआधी विचारला गेला पाहिजे. बहुधा दोन्हींत तथ्य असेल, पण किती प्रमाणात, हे ठरवल्याखेरीज धोरण आखणे योग्य नाही.

उपाय अवघड नाही. अमेरिकेतील ग्राहक तंत्रज्ञान संघटनेने २०१६ मध्ये पावले मोजण्याच्या चाचणीचे मानक प्रसिद्ध केले. युरोपातील ‘इंटरलाइव्ह’ या संशोधक-गटाने प्रयोगशाळेतील चालीपासून मोकळ्या दिनक्रमापर्यंत टप्प्याटप्प्याने तपासणी करण्याची पद्धत सुचवली आहे. भारतीय मानकात त्यात आणखी काही टप्पे हवेत: डोक्यावर किंवा कमरेवर ओझे, जमिनीवर बसून-उठून केलेले काम, स्वयंपाकघर, चपला, दुचाकी. हे काम बंगळूरूला परके नाही. कोरमंगलातील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे मारिओ वाझ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्येच निरनिराळ्या शारीरिक कामांच्या ऊर्जाखर्चाचे संकलन प्रसिद्ध केले होते. बेळ्ळंदूरपासून ती संस्था फार दूर नाही. आणि जोवर असे मानक नाही, तोवर विमा नियामकाने किमान दोन अटी घालाव्यात. निकषाच्या रेषेभोवती साधनाच्या ज्ञात त्रुटीएवढा पट्टा सोडावा आणि त्या पट्ट्यातील व्यक्तीला लाभ द्यावा. तसेच पावलांखेरीज दुसरा एखादा समतुल्य निकष उपलब्ध ठेवावा, म्हणजे व्हीलचेअरवरील व्यक्ती आरंभीच बाद होणार नाही. कंपन्या म्हणतील की यातून खर्च वाढेल. वाढेल, तराजूच्या पडताळणीचाही खर्च होतोच आणि तो भाजीवाला भरतो.

सरकारी मानक येईपर्यंत विद्यार्थ्यांनी थांबण्याचे कारण नाही. या चाचणीला चार-पाच माणसे, एक हातगणक आणि एक मोबाइल कॅमेरा पुरतो. चालणाऱ्याने दोन्ही मनगटांवर आणि कमरेवर साधन लावावे. एकाने हातगणकाने पावले मोजावीत, एकाने पायांचे चित्रीकरण करावे, म्हणजे शंका आल्यास पुन्हा मोजता येईल. प्रत्येक स्थितीत ५०० पावले: मोकळ्या हातांनी झपझप, मोकळ्या हातांनी संथ, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, ढकलगाडी ढकलत, आणि शेवटी चार-चार पावलांनंतर थांबत. प्रत्येक स्थिती किमान तीनदा. सहभागींत फक्त वर्गमित्र नसावेत; एखादी आजी, एखादे सफाई कामगार, त्यांची संमती घेऊन, हवेत. नोंदवहीत त्रुटी चिन्हासह लिहावी, कारण एकीकडे अधिक ८ आणि दुसरीकडे उणे ८ आले तर साधी सरासरी शून्य दाखवते आणि दोन्ही चुका झाकल्या जातात. चिन्ह काढून घेतलेली सरासरी शेजारच्या रकान्यात वेगळी द्यावी. साधनाचे नाव आणि त्यातील सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहिण्यास विसरू नये. पुढच्या महिन्यात तेच साधन वेगळे मोजू लागले, तर ते ओळखण्याचा दुसरा मार्ग नसतो.